कोणाकडून खेळणार? रणजी करंडकाच्या जन्माविषयी



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्यांना इतिहासाचं आणि क्रिकेटचं सारखंच वेड होतं. त्यामुळे 'स्मृतिव्याख्यानाला क्रिकेट कशाला?' असं कोणी विचारणार नाही, या भरवशावर मी आलो आहे.

सुरुवात एका सामन्यापासून करतो. ४ नोव्हेंबर १९३४. मद्रासचं चेपॉक मैदान. मद्रास विरुद्ध म्हैसूर. पहिला चेंडू टाकला एम. जे. गोपालन यांनी, समोर होते म्हैसूरचे एन. कर्टिस. म्हैसूरचा डाव ४८ धावांत आटोपला. मद्रासनं १३० केल्या. म्हैसूर पुन्हा खेळायला उतरलं आणि ५९ धावांत परत गेलं. ए. जी. रामसिंग या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं दोन्ही डावांत मिळून ३५ धावा देऊन ११ गडी बाद केले. मद्रास एक डाव आणि २३ धावांनी जिंकलं, आणि अजून पहिल्या दिवसाचा सूर्यसुद्धा मावळायचा होता. ज्या स्पर्धेला आपण आज भारतीय क्रिकेटचा कणा म्हणतो, तिचा पहिला सामना असा एका दिवसात निकालात निघाला.

त्या दिवशी या स्पर्धेचं कागदावरचं नाव होतं 'क्रिकेट चॅम्पियनशिप ऑफ इंडिया'. विजेत्याला मिळणाऱ्या करंडकाला कोणाचं नाव द्यायचं, यावरून दिल्ली-सिमल्यात राजकारण चालू होतं. ते राजकारण चविष्ट आहे, ते मी सांगणारच आहे. पण माझं आजचं म्हणणं वेगळं आहे, ते आधीच सांगून टाकतो. नावावरून संस्थानिक भांडले, व्हाइसरॉय त्यात पडले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. त्याच सुमाराला, फारसं कोणाचं लक्ष नसताना, हिंदुस्थानचा एक नकाशा आखला गेला. कोणता खेळाडू कोणाकडून खेळणार, हे त्या नकाशानं ठरवलं. करंडकाचा खरा जन्म मला त्या नकाशात दिसतो.

तोवर या प्रश्नाचं उत्तर मुंबईनं एका पद्धतीनं दिलेलं होतं. तुम्ही पारशी असाल तर पारशांकडून, हिंदू असाल तर हिंदूंकडून, मुसलमान असाल तर मुसलमानांकडून. पारशी आणि युरोपियन यांचे सामने १८७७ पासूनचे. १९०७ मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी झाली. या सामन्यांना मुंबईत जी गर्दी लोटायची, तिचा दहावा हिस्सासुद्धा पुढे कित्येक वर्षं रणजीला लाभला नाही. याच सामन्यांनी आपल्याला पालवणकर बाळू दिले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चार भाऊ. चर्मकार समाजातल्या बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद अखेरपर्यंत मिळालं नाही. ते विठ्ठलना मिळालं, १९२३ मध्ये. म्हणून चौरंगी सामन्यांना नुसतं 'जातीय' म्हणून मोडीत काढणं मला जमत नाही. जातीपातीची एक मोठी लढाई त्याच हिरवळीवर लढली गेली. पण चौकट धर्माचीच होती, आणि जो त्या चौकटीत बसत नाही त्यानं काय करायचं, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. याकडे मी परत येईन.

दरम्यान क्रिकेट मुंबईबाहेर पडू पाहत होतं. १९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ आला. १ डिसेंबरला बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी हिंदूंकडून त्यांच्याविरुद्ध १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार. थोड्याच दिवसांत पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनी ऑल इंडियाकडून १४८ काढल्या. या माणसांना कसोटी खेळता येईल, हे गिलिगनना पटलं. पण कसोटी खेळायची तर आधी एक मध्यवर्ती संस्था हवी. १९२७ मध्ये दिल्लीच्या रोशनआरा क्लबात बैठका झाल्या आणि १९२८ च्या डिसेंबरात बोर्ड जन्माला आलं. अध्यक्ष आर. ई. ग्रँट गोव्हन, सचिव अँथनी डी मेलो. हे डी मेलो कराचीचे, केंब्रिजला शिकलेले. अफाट उरकाचे, बोलघेवडे, आणि स्वतःचं श्रेय न विसरणारे. पुढे ब्रेबॉर्न स्टेडियमसाठी मुंबईच्या गव्हर्नरकडून जमीन मिळवताना, सरकारला पैसे हवेत की आपल्याला अमरत्व, असा प्रश्न त्यांनी लॉर्ड ब्रेबॉर्नना टाकला, अशी गोष्ट सांगतात. गव्हर्नरांनी काय निवडलं ते चर्चगेटला उतरलात की दिसतं.

१९३२ मध्ये हिंदुस्थान लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला. १९३३ च्या हिवाळ्यात जार्डिनचा इंग्लिश संघ इथे आला, डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर आपल्या भूमीवरची पहिली कसोटी झाली, लाला अमरनाथनी ११८ काढल्या. म्हणजे देशाचा संघ उभा राहिला होता आणि तो निवडायला देशाची स्पर्धाच नव्हती! चाचणी सामने भरवायचे, कोणाची तरी शिफारस ऐकायची, कोणत्या तरी महाराजांची मर्जी सांभाळायची, अशी निवड चाले. पाया नंतर घालून वरचा मजला आधी बांधल्यासारखा हा प्रकार होता.

आता सिमला. १९३४ च्या उन्हाळ्यात बोर्डाची बैठक तिथे भरली. अध्यक्षस्थानी होते सर सिकंदर हयात खान, तेच जे पुढे १९३७ मध्ये पंजाबचे पंतप्रधान झाले. डी मेलोंनी प्रांतांच्या अजिंक्यपदाचा प्रस्ताव मांडला आणि सोबत एका चित्रकाराकडून काढून आणलेलं करंडकाचं रेखाचित्र ठेवलं. ग्रीक घाटाचं, दोन फूट उंचीचं पात्र, वर झाकण, आणि झाकणाची मूठ म्हणून लॉर्ड्सवरच्या 'फादर टाइम'ची आकृती. हे सगळं डी मेलोंनी आपल्या आठवणींत रंगवून लिहिलं आहे. ते सांगतात की पटियाळाचे महाराज भूपिंदरसिंग तिथल्या तिथे उठले आणि पाचशे पौंडांचा सोन्याचा करंडक द्यायला तयार झाले. अट एकच, त्याला 'रणजीं'चं नाव असावं. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी आदल्या वर्षी, २ एप्रिल १९३३ ला जामनगरला वारले होते.

भूपिंदरसिंगांना रणजीच का सुचले, याची दोन उत्तरं देता येतात. एक भावनेचं. भूपिंदरसिंगांचे वडील राजिंदरसिंग क्रिकेटचे मोठे आश्रयदाते. रणजी १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून हिंदुस्थानात आले, तेव्हा राजिंदरसिंगांनी त्यांना पदरी ठेवलं होतं आणि रणजी पटियाळाकडून खेळलेही होते. तेव्हा भूपिंदर सहा-सात वर्षांचे होते. दुसरं उत्तर हिशेबाचं. रणजी हे इंग्रजांनाही आक्षेप घेता येणार नाही असं एकमेव हिंदी नाव होतं. ससेक्सचा लाडका, लेग ग्लान्सचा जादूगार, १८९६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर कसोटी पदार्पणात ६२ आणि नाबाद १५४.

पण ही १५ कसोट्यांतली सगळी कारकीर्द इंग्लंडकडून होती. गादीवर बसल्यावर रणजींनी हिंदी क्रिकेटसाठी काय केलं, असं विचारलं तर यादी फारच आखूड निघते. १९०७ ते १९३३ ही २६ वर्षं ते जामसाहेब होते. त्या काळात बोर्ड स्थापन झालं, पहिली कसोटी झाली, त्यांचा सख्खा पुतण्या दुलीपसिंहजी भर उमेदीत होता, आणि तोही इंग्लंडकडूनच खेळला. हिंदुस्थानच्या राष्ट्रीय स्पर्धेला हिंदुस्थानकडून कधीही न खेळलेल्या माणसाचं नाव! मला यात रणजींना दोष द्यायचा नाही. ते ज्या काळात घडले त्या काळात हिंदुस्थानचा संघच नव्हता. दोष द्यायचा तर तो नंतरच्या आपल्या भक्तीला, जी कधी या प्रश्नाकडे वळतच नाही.

आता दुसरी बाजू. विजयानगरमचे महाराजकुमार, म्हणजे आपले 'व्हिझी'. खेळापेक्षा खेळाच्या भोवतालची माणसं ओळखण्यात जास्त निष्णात. १९३०-३१ मध्ये त्यांनी स्वखर्चानं जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ यांना हिंदुस्थानात खेळायला आणलं होतं, हे त्यांच्या खात्यावर जमा करायला हवं. पण व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांची मर्जी संपादणं हा त्यांचा नित्यनेम. दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर त्यांनी विलिंग्डन यांच्या नावानं पॅव्हिलियन बांधून दिलं. पटियाळा आणि व्हिझी यांचं हाडवैर होतं. पटियाळाच्या करंडकाला शह म्हणून व्हिझींनी 'विलिंग्डन ट्रॉफी' पुढे केली. व्हाइसरॉयचं नाव असलेला करंडक नाकारणार कोण? काही काळ तर स्पर्धा विलिंग्डन करंडकासाठीच होणार, असं चित्र होतं. पटियाळाचा सोन्याचा कप बाजूला पडला.

विलिंग्डन स्वतः चांगले क्रिकेटपटू होते, हे इथे सांगायला हवं. केंब्रिजकडून आणि ससेक्सकडून खेळलेले. म्हणजे करंडकाला नाव द्यायला दोन उमेदवार आणि दोघेही ससेक्सचे! हिंदुस्थानातल्या कोणत्याही मैदानावर घडलेला खेळाडू त्या शर्यतीत नव्हता. बाळूंचं नाव सुचवावं असं त्या बैठकीत कोणाच्या मनातही आलं नसणार.

मुंबईकरांना विलिंग्डन हे नाव नवं नव्हतं. १९१३ ते १९१८ ते मुंबईचे गव्हर्नर होते. हिंदी माणसांना प्रवेश देणारा विलिंग्डन क्लब त्यांनी काढला, आणि त्याच माणसानं १९१८ मध्ये टिळकांना युद्धपरिषदेत बोलू दिलं नाही. ते मुंबई सोडून जाताना शहरातल्या काही धनिकांनी त्यांचं स्मारक करायचं ठरवलं आणि टाऊन हॉलमध्ये सभा बोलावली. बॅरिस्टर जिनांच्या नेतृत्वाखाली लोकांनी ती सभा उधळली. मग त्या विजयाची आठवण म्हणून वर्गणी काढून काँग्रेस हाऊसच्या आवारात 'जिना हॉल' बांधण्यात आला. ही गोष्ट क्रिकेटची नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढची मजा कळत नाही.

१९३१ मध्ये विलिंग्डन व्हाइसरॉय होऊन परत आले. १९३२ च्या जानेवारीत त्यांनी गांधीजींना तुरुंगात टाकलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यासाठी संघ निवडायचा होता, आणि हिंदू जिमखान्याच्या तीन खेळाडूंनी या अटकेच्या निषेधार्थ जायला नकार दिला. ते तिघे होते विजय मर्चंट, चंपक मेहता आणि एल. पी. जय. आणि १९३५ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाचा पहिला अंतिम सामना जिंकणाऱ्या मुंबई संघाचा कर्णधार कोण? एल. पी. जय.

अंतिम सामन्यात मुंबईच्या २६६ आणि ३००, नॉर्दर्न इंडियाच्या २१९ आणि १३९. मुंबई २०८ धावांनी विजयी. मर्चंटचं शतक, १२०. शेवटच्या डावात होरमसजी वजीफदारांचे ४० धावांत ८ बळी. ज्या माणसानं विलिंग्डनच्या कारभाराचा निषेध म्हणून कसोटी पदार्पणाची संधी सोडली, त्याच्या हातात विलिंग्डनच्या नावाचा कप द्यायची वेळ जवळजवळ आली होती. ती टळली. मुंबईला मिळाला तो रणजी करंडक. पटियाळाचं वजन पडलं, डी मेलोंची खटपट कामी आली, नाव कायम झालं. मुंबईत विलिंग्डन यांचं स्मारक हुकण्याची ही दुसरी वेळ.

नावाचं झालं. आता नकाशाकडे येऊ, कारण माझ्या मते खरा ऐवज तिथे आहे.

पहिल्या हंगामात १५ संघ होते. दक्षिणेत मद्रास, म्हैसूर, हैदराबाद. पश्चिमेला मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सिंध आणि वेस्टर्न इंडिया स्टेट्स, म्हणजे काठियावाडची संस्थानं. मध्यात मध्य प्रांत-वऱ्हाड आणि सेंट्रल इंडिया. उत्तरेत नॉर्दर्न इंडिया, सदर्न पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत, आणि लष्कर. बंगाल पुढच्या हंगामात आलं. ही यादी नीट ऐकलीत तर लक्षात येईल की ती सरकारी प्रांतांची यादी नाही. मुंबई इलाख्याचे इथे चार तुकडे झालेले आहेत. पंजाबचे दोन. संस्थानं कुठे गटानं आहेत, कुठे एकटी. जिथे असोसिएशन उभी राहू शकली, जिथे मैदान आणि माणसं होती, जिथे कोणी खर्च उचलायला तयार होतं, तिथे एक संघ. कोणत्याही आयोगानं हा नकाशा आखला नाही. म्हणूनच त्यात लोकांच्या मनातल्या सीमा उतरल्या असाव्यात.

त्यात 'महाराष्ट्र' हे नाव बघा. १९३४ मध्ये महाराष्ट्र नावाचा प्रांत सरकारी दप्तरात नव्हता. तो यायला अजून २६ वर्षं होती, आणि मधे १०५ हुतात्मे. पण पुण्याच्या मैदानावर महाराष्ट्र नावाचा संघ उतरत होता आणि मुंबईशी दोन हात करत होता. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं या महाराष्ट्रानं करंडक जिंकला. कर्णधार होते देवधर, एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. १९४०-४१ मध्ये मुंबईनं ६५० धावा केल्या तर महाराष्ट्रानं ६७५, त्यात एकट्या देवधरांच्या २४६. तेव्हा त्यांचं वय ४८ होतं. आणि एवढ्यावर न थांबता १९४४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, एकाच सामन्यात दोन शतकं. (भाऊसाहेब निंबाळकरांच्या ४४३ ची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे, ती मी मुद्दाम सोडतो.) संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या संघाकडे फारसं पाहिलेलं नाही. पाहायला हवं. मात्र हेही खरं की हा क्रिकेटचा महाराष्ट्र 'संयुक्त' नव्हता. मुंबई वेगळी, विदर्भ मध्य प्रांतात. ज्या भागांना जोडण्यासाठी आंदोलन झालं, ते भाग क्रिकेटनं स्वतंत्र ठेवले होते, आणि तिथल्या कोणाची त्याबद्दल तक्रार नव्हती.

मघाशी म्हटलं होतं की चौकटीत न बसणाऱ्या माणसाकडे परत येईन. तो माणूस म्हणजे विजय हजारे. जन्म सांगलीचा, १९१५, ख्रिश्चन कुटुंबात. चौरंगीमध्ये हजारेंना जागा नव्हती. १९३७ मध्ये 'इतर' नावाचा पाचवा संघ आला आणि पंचरंगी झाली, तेव्हा ती मिळाली. ख्रिश्चन, ज्यू, जे कोणी उरले ते सगळे 'इतर'. १९४३ च्या अंतिम सामन्यात या इतरांच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. भाऊ विवेक साथीला होते. ३०० धावांच्या भागीदारीत विवेकचा वाटा २१. हा डाव पराक्रम म्हणून सांगितला जातो. मला तो वाचताना त्या संघाचं एकटेपण जास्त जाणवतं. पण रणजी सामन्यांत याच हजारेंना पहिल्या हंगामापासून कोणी धर्म विचारला नाही. महाराष्ट्राकडून खेळताना १९३९-४० मध्ये त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ काढल्या, या स्पर्धेतलं पहिलं त्रिशतक. पुढे ते बडोद्याच्या पदरी गेले.

'पदरी' हा शब्द जपून वापरतोय, कारण इथे तिसरं उत्तर येतं. कोणाकडून खेळणार? धर्माकडून, प्रांताकडून, की पोशिंद्याकडून? बडोद्याचे गायकवाड, इंदूरचे होळकर, नवानगर, पटियाळा यांनी नोकऱ्या दिल्या, लष्करात हुद्दे दिले, घरं दिली, आणि खेळाडू तिकडे गेले. यशवंतराव होळकरांच्या इंदूरमध्ये सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, आपले निंबाळकर असे सगळे जमले आणि होळकर संघानं चार वेळा करंडक नेला. इंदूर आणि बडोदा या दोन मराठी राजवटींनी दिलेला हा हातभार पुण्या-मुंबईच्या क्रिकेटगप्पांत नेहमी दोन ओळींत उरकला जातो.

या सगळ्यातला एक सामना मला फार महत्त्वाचा वाटतो. १९४७ चा मार्च, बडोदा, अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर. बडोद्याकडून चौथ्या जोडीनं ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही जोडीसाठी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधला हा विक्रम २००६ पर्यंत टिकला. आकडा पुस्तकांत असतो. त्या खेळपट्टीवर उभे असलेले दोघे कोण होते ते पाहा. सांगलीचा ख्रिश्चन आणि लाहोरचा मुसलमान, गायकवाडांच्या बडोद्यासाठी. त्याच मार्च महिन्यात, हा सामना सुरू होण्याआधी थोडे दिवस, लाहोरात दंगली पेटल्या होत्या. गुल महंमद भारताकडून कसोट्या खेळले आणि नंतर, १९५६ मध्ये, पाकिस्तानकडून एक.

पहिल्या अंतिम सामन्यातला पराभूत संघ मी नुसता नावानं सांगून पुढे गेलो. नॉर्दर्न इंडिया, म्हणजे लाहोरचा संघ. त्याचा कर्णधार होता जॉर्ज एबेल नावाचा आयसीएस अधिकारी. या स्पर्धेतलं पहिलं द्विशतक त्याचं, लष्कराविरुद्ध २१०. हाच एबेल पुढे वेव्हेल आणि माउंटबॅटन या दोन व्हाइसरॉयांचा खाजगी सचिव झाला. ८ ऑगस्ट १९४७ रोजी रॅडक्लिफच्या पंजाब सीमारेषेचा कच्चा आराखडा ज्या पत्रासोबत लाहोरला गव्हर्नरच्या कचेरीत गेला, ते पत्र एबेलनं पाठवलेलं होतं. फिरोजपूर आणि झिरा तहसिलींवरून जो वाद अजून मिटलेला नाही, त्यात त्या पत्राचा हवाला दोन्ही बाजू देतात. १९३४ च्या यादीतले सिंध आणि नॉर्दर्न इंडिया हे दोन संघ त्या रेषेपलीकडे गेले. पाकिस्ताननं १९५३-५४ मध्ये स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, कायदे आझम करंडक. ज्यांनी विलिंग्डनचं स्मारक उधळलं, त्या जिनांच्या नावाचा.

पंचरंगीचं काय झालं? ती १९४६ नंतर बंद पडली. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ गांधीजींना वर्ध्याला भेटलं. कॉलेजांचे, संस्थांचे संघ समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान अशा संघांचं प्रयोजन कळत नाही, अशा अर्थाचं निवेदन गांधीजींनी केलं. त्या वर्षी हिंदूंनी माघार घेतली. रणजी स्पर्धा ही या जातीय सामन्यांवर उतारा म्हणूनच जन्मली, असं पुष्कळदा लिहिलं जातं. सिमल्याच्या त्या बैठकीबद्दल जे वाचायला मिळतं त्यात मला हा उदात्त हेतू सापडत नाही. तिथे होती कसोटी संघ निवडण्याची अडचण आणि राजेरजवाड्यांची हौस. उलट, सविनय कायदेभंगामुळे १९३० पासून बंद असलेली चौरंगी १९३४-३५ च्या हंगामात, म्हणजे रणजीच्या पहिल्याच वर्षी, पुन्हा सुरू झाली आणि लोक तिकडेच धावले. पुढे बोर्डानं पंचरंगीविरुद्ध भूमिका घेतली त्यात तत्त्व होतं, आणि गेटवरच्या पैशाचा विचारही होता. जिमखान्यांच्या तिजोऱ्या भरत होत्या, प्रांतिक असोसिएशनांच्या रिकाम्या होत्या. उद्देश इतका साधा असताना परिणाम इतका मोठा झाला, हे मला जास्त लक्षणीय वाटतं. धर्माचा संघ गेला. संस्थानं विलीन झाली, पोशिंदेही गेले. उरला प्रांत.

स्वातंत्र्यानंतर देशानं आपला नकाशा बदलला, १९५६ मध्ये भाषेवर आणि १९६० मध्ये मुंबई राज्याचे दोन तुकडे करून. क्रिकेटनं त्याला फार दाद दिली नाही. आजच्या महाराष्ट्रात तीन संघ: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. गुजरातमध्ये तीन: गुजरात, बडोदा, सौराष्ट्र. विदर्भ १९५७-५८ पासून वेगळा खेळतो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. ते सर्वोच्च न्यायालयालाही वाटलं. न्यायमूर्ती लोढा समितीनं 'एक राज्य, एक मत' असं सुचवलं आणि १८ जुलै २०१६ च्या निकालात न्यायालयानं ते मान्य केलं. एका राज्यात तीन संघटना असतील तर पूर्ण सदस्यत्व आणि मत त्यांनी आळीपाळीनं घ्यावं, असा त्याचा अर्थ. तर्कानं ते बिनचूक होतं. ईशान्येकडच्या बहुतेक राज्यांना मतच नसावं आणि एकट्या महाराष्ट्राला तीन असावीत, यात न्याय नव्हता, हे मुंबईकर असूनही मी मान्य करतो.

पण मग प्रश्न आला की ज्या मुंबईनं पहिला रणजी करंडक जिंकला आणि १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वेळा तो आपल्याकडे ठेवला, तिनं मतासाठी रांगेत उभं राहायचं का? आणि विदर्भानं? त्यांची गंमत तर आणखी वेगळी. हा निकाल लागू असतानाच, १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भानं आपला पहिला करंडक जिंकला. कर्णधार फैज फजल, प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित, आणि अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीची हॅटट्रिक. देशाचा विजेता, पण कायमचं मत नाही.

९ ऑगस्ट २०१८ ला न्यायालयानं आपला निर्णय बदलला. मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ, बडोदा, सौराष्ट्र आणि गुजरात यांची पूर्ण सदस्यत्वं परत केली. क्रिकेटच्या इतिहासात या संघटनांनी दिलेलं योगदान हे त्याचं कारण निकालपत्रात आहे. त्यानंतर सहा महिन्यांत विदर्भानं करंडक पुन्हा जिंकला, सौराष्ट्राला हरवून. १९३४ च्या नकाशातले मध्य प्रांत-वऱ्हाड आणि वेस्टर्न इंडिया स्टेट्स यांचे हे आजचे वारसदार, आणि सामना झाला नागपूरला, सी. के. नायडूंच्या जन्मगावी.